दोषास हात लावू नये

साळवकोंडात गोमाजी उतेकराचा हात लागलेला नाही असं एकही छप्पर नव्हतं. आणि हात लावला म्हणून ज्या छपरावरून त्याला बोल लागला, ते नेमकं त्याचं स्वतःचं होतं.

पोलादपूरहून कुडपणच्या वाटेला लागलं की वर डोंगराच्या कुशीत अठरा उंबऱ्यांची ही वाडी. इथला पाऊस मोजण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. वैशाख आला की कौलं उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, आणि पुन्हा सगळं जिथल्या तिथं बसवायचं. ही शाकारणी गोमाजीनं चाळीस वर्षं केली. स्वतःची केली, भावकीची केली, भांडलेल्यांचीही केली, कारण पाऊस भांडण बघून पडत नाही. कोणाच्या घरी चहाला बसला तरी त्याची मान वर. कप खाली ठेवता ठेवता म्हणायचा, "तिसऱ्या वळीतलं पाचवं कौल सरकलंय." आणि ते सरकलेलं असायचं.

पाच वर्षांपूर्वी त्याचा मुलगा अक्षय, जो तुर्भ्याला शीतगोदामात बारा वर्षं थंडी खात होता, त्यानं जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधायला काढलं. काम महाडच्या यशराजशेटनं घेतलं. घराबरोबर एक कागद आला. पाच वर्षांची हमी, एकतीस ऑगस्टपर्यंत. गोमाजीच्या बायकोनं, रंगूबाईनं, तो प्लास्टिकमध्ये घालून पेटीत ठेवला.

"आबा, आता तुम्ही वर चढायचं नाय," अक्षय बोलला. "रिटायर. फुल आराम."

गोमाजीनं मान हलवली. पण पुढच्या वैशाखात तो दिवसातून चार वेळा अंगणात जाऊन वर बघायचा आणि परत यायचा. बायको माहेरी गेली आणि घरात भांडंही वाजत नाही, असं त्याचं तोंड झालं होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात पडवी गळली. खोटं कशाला बोला, गोमाजीला मनातून बरं वाटलं. डांबर तापवून, गोणपाटाची पट्टी चिकटवून, वरून पुन्हा डांबर फिरवून त्यानं अर्ध्या दिवसात गळती बंद केली. पुढं यशराजशेट दुसऱ्या कोणाचं काम बघायला वाडीत आला, तेव्हा गोमाजीनं त्याला कौतुकानं वर नेऊन दाखवलं.

शेटनं डांबराकडे बघून उसासा टाकला. "काका, तुम्ही हात लावलात."

"लावला म्हंजे? चांगला लावला. थेंब नाय बघ."

"तेच तर. आता पडवी हमीतून बाद."

गोमाजीला वाटलं, शेट थट्टा करतोय. त्यानं त्याला चहा पाजला. शेट चहा पिऊन गेला आणि पडवी बाद झाली ती झालीच.

यंदा, हमीच्या शेवटच्या पावसाळ्यात, आषाढाच्या अखेरीला माजघर गळायला लागलं.

लावणीचा शेवटचा दिवस होता. चौघं जणं चिखलातून वर आली. गोमाजी, रंगूबाई, सून ऋतिका आणि पैऱ्याला, म्हणजे कामाला काम फेडायला, आलेला चुलतभाऊ रामा. हातापायांची कातडी भिजून पांढरी पडलेली, कंबरा मोडलेल्या. रंगूबाई माजघरात गेली आणि तिच्या कपाळावर थेंब पडला. तिनं वर बघितलं, तर दुसरा डोळ्यात. भाताच्या गोणींच्या बरोब्बर वर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओल्या दोरीसारखी रेघ उमटली होती. तिच्यावर थेंब रांगेत उभे होते.

"अवो," रंगूबाई बोलली. "तुमचं काम आलं."

गोमाजीची कंबर सरळ झाली. तो तसाच चिखलाच्या पायांनी मागं गेला, डांबराचा डबा काढला, शिडी भिंतीला लावली, आणि पहिल्या पावकीवर पाय ठेवतोय तोच ऋतिकानं शिडी धरली.

"आबा, उतरा खाली."

"धर नीट. घसरते ती."

"धरत नाय. काढून घेतेय."

ऋतिका बारावी शिकलेली. लग्नानंतर तिनं घरात फार काही मागितलं नव्हतं. मात्र पडवी बाद झाली त्या दिवशी तिनं पेटीतला तो कागद मागितला होता आणि बसून वाचला होता. घरात तो वाचणारी ती पहिलीच. बाकीच्यांनी त्याला नुसतं हळदकुंकू लावलं होतं.

तिनं आता तो पुन्हा काढला आणि चुलीजवळ बसून मोठ्यानं वाचला.

"कलम नऊ. दोष आढळल्यास मालकाने ठेकेदारास सात दिवसांचे आत लेखी, पोचपावतीसह टपालाने कळवावे. कलम दहा. कळविल्यापासून तीस दिवस ठेकेदारास पाहणीची संधी द्यावी. सदर मुदतीत मालकाने अथवा त्याच्या माणसांनी दोषास हात लावू नये. हात लावल्यास हमी संपुष्टात येईल."

चुलीत ओलं लाकूड चरचरलं. आतून थेंबाचा आवाज आला.

"म्हंजे तीस दिस गळू द्यायचं?" गोमाजीनं विचारलं.

"हो."

"बघत बसायचं?"

"बघायला नाय पायजे. नुसतं गळू द्यायचं."

"आणि भिंतीत पाणी मुरलं तर? स्लॅबाच्या सळया गंजल्या तर?"

"म्हणूनच. वरून डांबर लावून यंदा थांबेल. पुढल्या वर्षी तिसरीकडे गळेल, आणि तेव्हा हमी नसेल. एकतीस ऑगस्टच्या आत शेटकडून कबूल करून नाय घेतलं तर हे घर जन्मभर तुम्ही डांबरावर चालवायचं."

गोमाजीला त्यात वाईट काय ते पटकन कळलं नाही. पण रंगूबाईला कळलं.

"मी फोन लावते त्याला," ती बोलली.

"आई, पडवीसाठी चौदा वेळा लावलाय. तो 'उद्या येतो मावशी' बोलतो. लेखी पायजे."

तेवढ्यात अक्षयचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं. तो बोलला, "टेन्शन नका घेऊ. मी यशराजला व्हॉट्सॲप टाकतो." पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "टाकला. ब्लू टिक आली."

"काय बोलला?"

"बोलला नाय काय. अंगठा पाठवला."

ऋतिकानं कागदात बघितलं. अंगठ्याचं कलम नव्हतं.

पत्र लिहायला गोमाजी बसला, कारण घरमालक तो. त्याच्या मते असा कागद धाडणं म्हणजे माणसाशी तोंड तोडणं. जमिनीचा वाद असला, सोयरीक मोडली, तरच कोणी कोणाला टपालानं कागद धाडतो. एरवी निरोप असतो. यशराजशेट वास्तुशांतीला याच माजघरात दोन वेळा खीर मागून जेवला होता. तेव्हा गोमाजीनं जमेल तितकी लाज राखून चार पानं लिहिली. तिसऱ्या दिवशी ती घेऊन सासरा-सून पोलादपूरला उतरले.

टपाल कचेरीच्या खिडकीत आम्रपाली हाटे बसायची. ती आणि ऋतिका शाळेत एका बाकावर होत्या. गर्दी नव्हती. ऋतिकानं तिला पानं वाचायला दिली. आम्रपालीनं चष्मा सारखा केला आणि शांतपणे चारही पानं वाचली.

"काका, ह्यात घर गळतं हे कुठे लिहिलंय?"

"चवथ्या पानावर. खाली."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी त्याच्या आईचे गुडघे कसे हायत ते विचारलंय. मग यंदाची लावणी. मग रामाची म्हस व्याली ते. एकदम कसं तोंडावर बोलायचं? जेवलेला माणूस हाय."

"काका, शेट पहिलं पान वाचतील. गुडघ्यांचं उत्तर देतील. मुदत संपेल."

तिनं एक कोरा कागद खिडकीतून सरकवला. ऋतिकानं उभ्या उभ्या लिहिलं. माजघराच्या छताला तेवीस जुलै रोजी गळती आढळली आहे. कलम नऊप्रमाणे कळवीत आहोत. कलम दहाप्रमाणे तीस दिवसांत पाहणी करावी. आम्ही दोषास हात लावलेला नाही.

तीन-चार ओळींचा तो कागद गोमाजीनं उलटून मागं आणखी काही आहे का ते बघितलं. मग सही करता करता बोलला, "खाली 'कळावे, लोभ असावा' तरी घाल."

"कळावे घाला," आम्रपाली म्हणाली. "लोभाचं कलम त्यांच्या कागदात नाही."

पोचपावतीचं कार्ड पाठीला लावून पाकीट गेलं, आणि तीस जुलैला शेटच्या कचेरीत कोणीतरी सही करून ते घेतलं. कार्ड परत आलं. रंगूबाईनं त्यालाही हळदकुंकू लावलं. त्याच संध्याकाळी फोन वाजला.

"मावशी, पत्र मिळालं," यशराजशेट बोलला. आवाज दुखावलेला. "एवढं कागद कशाला धाडायचे? एक फोन केला असता तरी आलो असतो."

रंगूबाईनं फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग पुन्हा कानाला लावला. "कधी येतोस?"

"उद्या येतो मावशी."

ऋतिकानं भिंतीवरच्या कॅलेंडरावर एकोणतीस ऑगस्टला गोल केला.

माणसं शेत राखतात, आंबे राखतात. त्या श्रावणात उतेकरांनी गळती राखली.

भाताच्या गोणी ओढून पडवीत आणल्या. अंथरुणं पडवीत आली, चूल पडवीत आली. हमीतून बाद झालेली पडवी गोमाजीच्या डांबराखाली खडखडीत कोरडी होती, आणि हमीत असलेल्या माजघरात तोप, परात, बालदी आणि लग्नातलं घंगाळ अशी चार भांडी मांडून ठेवली होती. भांडं भरलं की उचलून अंगणात ओतायचं. दिवसभर नाचणीत वाकून बेणायचं, गुडघ्याएवढ्या गवतात हात घालायचे, वरून पावसाचा मारा, आणि वर येऊन पुन्हा पाणीच उपसायचं. रंगूबाईचे खांदे धरले. तिनं तेल चोळलं. नवऱ्याकडे बघितलं की तिला आपले खांदे बरे वाटायचे.

कारण गोमाजीच्या हातांचे हाल बघवत नव्हते. बसला की बोटं आपोआप चालायची. भाकरी मोडताना तो तिचे तुकडे कौलांसारखे एकावर एक लावायचा.

चौथ्या दिवशी रामा निळं प्लास्टिक खांद्यावर टाकून आला. माणूस मनानं चांगला. आल्या आल्या शिडी मागायला लागला.

"दोन मिन्टांचं काम हाय वैनी. वर पसरतो, चार धोंडे ठेवतो, सुटला विषय."

"नको रामाकाका," ऋतिका बोलली. "मालक अथवा त्याच्या माणसांनी हात लावू नये असं लिहिलंय. तुम्ही आमचं माणूस."

रामाला भरून आलं. मग त्याच्या लक्षात आलं. "आमचं माणूस बोलतेस, आणि हात लावू देत नायस."

"म्हणूनच देत नाय."

रामानं विचार केला. "बरं, मग मी तुमचा नाय असं समज. गेल्या साली बांधावरनं भांडलोच होतो ना आपण? ते अजून मिटलं नाय असं धर."

"ते मिटलं रे," गोमाजी आतून बोलला. "शिमग्याला मिटलं."

"घाई केली," रामा बोलला, आणि प्लास्टिक घेऊन परत गेला.

वाडीत बोलणं व्हायला लागलं. साळवकोंडानं शाकारणीचा उस्ताद म्हणून ज्याला मान दिला, त्याच्या घरात बालद्या मांडलेल्या. पाण्याला जाणाऱ्या बाया दारात थांबून आत डोकवायच्या आणि वर बघून हळहळायच्या. कोणी म्हणालं, गोमाजीला आता वर चढवत नाही. हे त्याच्या कानावर आलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भर पावसात साळूबाईच्या गोठ्यावर चढलेला दिसला. कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं गोठ्याची दोन वळी कौलं उतरवून पुन्हा बसवली. मग रामाच्या खोपटाची पाखी नीट केली. मग शाळेच्या पडवीचे पत्रे आवळले. पंधरा दिवसांत वाडीतलं एकही छप्पर त्यानं सोडलं नाही.

साळूबाई, वय सत्तरच्या पुढं, गोठ्यात उभी राहून वर बघत बोलली, "गोमाजी, तुझ्या घरात पाणी, आणि माझी म्हस कोरडी. हे कसलं शास्तर रे?"

"म्हशीला हमी नाय, साळूबाय," वरून आवाज आला.

सतराव्या दिवशी दुपारी पाऊस जरा थांबला. रंगूबाई रानात होती. ऋतिका कपडे पिळत मागच्या दारी आली, तर शिडी भिंतीला लावलेली. वर गोमाजीची पाठ दिसत होती. तो स्लॅबवर उकिडवा बसला होता. बाजूला डांबराचा डबा.

तिनं हाक मारली नाही. शिडी धरून उभी राहिली. बऱ्याच वेळानं तो एकेक पावकी उतरून खाली आला. डबा त्याच्या हातात होता.

"उघडलात?"

"नाय."

"झाकण बघू."

त्यानं डबा पुढं केला. झाकणाच्या कडेला जुनं डांबर वाळून घट्ट बसलेलं होतं, तसंच होतं. तिनं डबा परत दिला. आपल्या पदरानं त्याचा चेहरा पुसावा असं तिला वाटलं, पण सासऱ्याचा चेहरा सुना पुसत नाहीत. तिनं पाण्याचा तांब्या आणला.

"नुसता बघून आलो," तो बोलला. "ऋतिका, अगं वर पाणी साठतंय. मधोमध. पाणी जायला पायप ठेवलाय, तो स्लॅबापेक्षा दोन बोटं वर हाय. पाण्यानं चढून जायचं, अशी सोय केलीय. आणि चीर अशी लांब गेलीय." त्यानं हवेत बोट ओढलं. "एवढी मोठी चूक दिसते आणि हात बांधून बसायचं. हे भिकेच्या वरताण झालं गो."

"तेरा दिवस राहिले, आबा."

"तेरा," तो बोलला, आणि डबा नेऊन लाकडांच्या मागं ठेवला. थोड्या वेळानं उठून त्यानं तो तिथूनही काढला आणि रामाकडे ठेवायला दिला.

यशराजशेट एकोणतीस तारखेला आला. त्याला तारखा बरोबर कळत होत्या. शिवाय त्यानं आकाशही बघितलं होतं. तीन दिवस उघडीप होती, डोंगर धुऊन वाळत घातल्यासारखे झाले होते, आणि माजघराचं छत आतून कोरडं पडलं होतं. फक्त काळपट रेघ उरली होती.

शेट चाळिशीचा, गोरा, बोलायला मध. बरोबर त्याचा गवंडी दत्ताराम. हेच घर त्याच्या हातचं. दत्ताराम उंबऱ्यात चपला काढून तिथंच उभा राहिला.

"काका, मावशी, आलो बघा. मुदतीत आलो." शेटनं मान मागं टाकून छत बघितलं. "कुठाय गळती?"

तोप, परात, बालदी आणि घंगाळ रिकामी होती.

"डाग हाय. डाग म्हणजे दोष नाय. पावसाळ्यात हवेनं येतो." त्यानं खिशातून छापील कागद काढला. "आता इथं लिहूया, पाहणी केली, गळती आढळली नाही. काकांची सही. विषय मिटला, लोभ राहिला."

त्यानं पेन पुढं केलं. ऋतिकानं सासऱ्याकडे बघितलं. तीस दिवस राखलेली गळती नेमकी पाहुण्यांसमोर लाजली होती, आणि परवा हमी संपत होती.

गोमाजीनं पेन घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि कानावर ठेवलं. मग तो दत्तारामकडे वळला.

"दत्ताराम, नवा स्लॅब टाकलास की वर आळी करून पाणी कोंडतोस का नाय?"

"कोंडतो."

"कशाला?"

"मुरायला. आणि कुठं झिरपतं का ते कळायला."

"मग कोंड आता. पाऊस नाय म्हणून काय झालं. झऱ्यावर पाणी काय कमी हाय?"

शेट हसला. "काका, त्याला वेळ लागेल."

"आजचा दिवस तुझाच हाय शेट. पाहणीची संधी तुझी. आम्ही हात नाय लावत, तुझी माणसं लावतील. का पाहणीला भ्यायलास?"

हे शेटच्या जिव्हारी लागलं. शिवाय दारात एव्हाना अर्धी वाडी जमली होती. "भ्यायचं काय त्यात? दत्ताराम, कर आळी. भर पाणी. बघूच दे त्यांना."

दत्ताराम चिखल घेऊन वर चढला. गोमाजी शिडीच्या वरच्या पावकीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला, दोन्ही हात पाठीमागं बांधून. स्लॅबला त्यानं अंगठासुद्धा लावला नाही. तोंडावर मात्र कलम नव्हतं.

"तो कोपरा कच्चा हाय. खाचराचा बांध असा घालतात काय? पायानं दाब. आणखी दाब. खेकडासुद्धा हसेल तुला."

दत्ताराम दाबत गेला. खाली झऱ्यापासून घरापर्यंत माणसांची रांग लागली. रामा, साळूबाईची सून, शाळेतून सुटलेली पोरं. हंडे, कळश्या, डबे वर जायला लागले. हा दोष नव्हे, नुसतं पाणी, त्याला हात लावायला कोणाची हरकत नव्हती. गोमाजीला चढवत नाही म्हणणारे सगळ्यात जास्त हंडे देत होते.

खाली रंगूबाईनं शेटसाठी माजघरात पाट मांडला. तांदळाची भाकरी, भारंगीची भाजी, ताक. शेट ऐसपैस बसला, त्या काळ्या रेघेपासून चांगला चार हात लांब.

"भरा, आणखी भरा," तो जेवता जेवता वरच्यांना ओरडून सांगत होता. "मनात शंका नको राहायला."

दुसरी भाकरी घेताना रेघेवर पहिला थेंब आला. घंगाळात टण् आवाज झाला. शेटनं तिकडं न बघता ताक प्यायलं.

मग त्याच्या पाटाच्या उजव्या बाजूला एक थेंब पडला. तिथं आजवर कधी गळलं नव्हतं. त्यानं पाट सरकवला. थोड्या वेळानं डाव्या बाजूला पडला. त्यानं पुन्हा सरकवला. रंगूबाईनं आदरानं त्याचं ताट उचलून धरलं, बसायची जागा ठरेपर्यंत. शेवटी घरात खात्रीची कोरडी जागा एकच उरली, आणि पाहुण्याला गोणींजवळ, बाद झालेल्या पडवीत बसून जेवण पुरं करावं लागलं.

"कोरडं हाय इथं," रंगूबाई बोलली. "आमच्या ह्यांनी हात लावलाय."

शेट हात धुऊन वर गेला. दत्ताराम पाण्यात घोट्यापर्यंत उभा होता.

"पडवीपाशी ह्यांनीच काहीतरी केलं असणार," शेट म्हणाला. "डांबरानं पाण्याची वाट अडली आणि ते मध्ये शिरलं."

दत्तारामनं खाली वाकून पाण्यात हात घातला. डांबरावरून बोट फिरवलं, चिरेवरून फिरवलं. शेटच्या हाताखाली त्याची अकरा वर्षं गेली होती. मान वर न करताच तो बोलला,

"शेट, डांबर जिथल्या तिथं हाय. एक नंबर बसलंय. पाणी त्याच्या अलीकडनं जातंय, चीर वरच्या कोब्याची हाय. आणि उतार..." तो थांबला. "उतार उलटा गेलाय. तेव्हा तुम्ही बोललात, गणपतीच्या आधी आटपायचं. मी बोललो होतो, पायप खाली घ्यायला पायजे."

शेटनं एकदा दत्तारामकडे, एकदा शिडीच्या टोकाला हात पाठीमागं बांधून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं.

"काका, निदान आता तरी हात सोडा," तो म्हणाला. "मला बघवत नाय."

"तीस दिस पुरे व्हायला सांज व्हायची हाय," गोमाजी बोलला.

शेट पडवीत येऊन बसला आणि त्याच छापील कागदाच्या पाठीवर त्यानं हातानं लिहिलं. पाहणी केली. तीन ठिकाणी गळती आढळली. भाताची कापणी झाल्यावर सगळा कोबा फोडून, पायप खाली घेऊन, उतार काढून नवा करून देईन. पडवीसकट. त्यावर पाच वर्षं हमी. सही करायला त्यानं पेन शोधलं. ते गोमाजीच्या कानावर होतं.

"थांब," रंगूबाई बोलली. "आणखी एक लिही. परत गळलं तर कळवायचं कसं?"

"तेच, मावशी. लेखी. नियम हाय तो."

"मग लेखी तू आताच लिहून ठेव. रंगूबाईनं फोन केला की लेखी कळवलं असं समजावं."

"असं कुठं असतं काय, मावशी?"

"जेवलास ना पोटभर?"

शेटनं लिहिलं. ऋतिकानं वाचून बघितलं, एक काना दुरुस्त करून घेतला.

"माझंबी एक हाय," गोमाजी बोलला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो जरा लाजला. "काम चालू असताना मालकानं हात लावला तर चालेल, असं लिही."

शेट लिहिता लिहिता थांबला आणि पहिल्यांदाच खरं हसला. "हे तर मी फुकट लिहितो."

मार्गशीर्षात शेट माणसं घेऊन आला. उद्या येतो म्हणाला आणि तेराव्या दिवशी आला, पण आला. भात घरात आलं होतं, झोडणी झाली होती. चार दिवस छिन्नी-हातोड्यांनी कोबा फोडला. पाचव्या दिवसापासून गोमाजी पहाटेची भाकरी खाऊन सगळ्यांच्या आधी वर असायचा. दत्ताराम दोरी धरायचा आणि गोमाजी एक डोळा मिटून, पोटावर पालथा पडून उतार बघायचा.

"अर्धा बोट खाली घे."

"काका, पाणसाळ बरोबर दाखवतेय."

"पाणसाळीला इथला पाऊस ठाऊक नाय. घे खाली."

दत्तारामनं घेतलं. थापी गोमाजीच्या हातात आली ती मग सुटलीच नाही. त्याच्या बोटांना सिमेंटनं भेगा पडल्या, गुडघ्यांची सालं गेली, आणि जेवायला बसला की तो दोन भाकरी जास्त खायला लागला. भाकरी सरळ मोडून.

कोबा सुकल्यावर, माणसं आवरून निघायच्या तयारीत असताना, त्यानं अंगणात भरून ठेवलेला हंडा खांद्यावर घेतला आणि शिडी चढला. ऋतिका आणि रंगूबाई खाली उभ्या राहिल्या. त्यानं वरच्या टोकाला जाऊन हंडा हळूहळू कलंडला.

पाणी जरा थबकलं. मग वाट सापडल्यासारखं एकत्र झालं, मधे कुठं न रेंगाळता सरळ पाईपाच्या तोंडाशी गेलं, आणि अंगणात धार पडली. पाठोपाठ सगळा हंडा खाली आला. वर हात फिरवला तर नुसती ओल.

गोमाजी कडेला येऊन उकिडवा बसला. "गेलं," तो बोलला.

"काय गेलं?"

"पाणी गो. समदं गेलं."

रंगूबाईनं अंगणात पसरलेल्या ओघळाकडे बघितलं, मग वर नवऱ्याकडे. डोंगरातला झरा मार्गशीर्षात बारीक होतो, अर्धा तास लागतो हंडा भरायला.

"प्यायचं होतं ते," ती बोलली, आणि रिकामा हंडा घ्यायला शिडीला हात लावून उभी राहिली.